रात्री जेवणानंतर दोन चमचे

मी निघाले तो सोमवार होता. सकाळी साडेसहाला बाबा आणि मी आरमोरीच्या स्टँडवर आलो. नागपूरची गाडी लागली. बाबांनी बॅग चढवली, खाली उतरले, खिडकीशी आले आणि म्हणाले, "पोचली की फोन कर." गाडी सुटली. तेविसाव्या रात्री बाबा गेले.

त्या सोमवारच्या आधीही मी पाच वेळा त्याच स्टँडवरून निघाले होते. दर वेळी वैनगंगेचा पूल येईपर्यंत रडायचं आणि नदी ओलांडली की रुमाल आत ठेवायचा, असं ठरून गेलं होतं. या वेळी रडू आलं नाही. पुलावर मला सुटल्यासारखं वाटलं. आठवडाभर मी घरात एक खोटं सांभाळत होते आणि आता ते सांभाळायला मी तिथे नसणार होते. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

गाव सोडून लांब गेलेल्या प्रत्येकाकडे असं काहीतरी असतं. तिकडे आपण काय खातो, काय पितो, सुट्टीच्या दिवशी कुणाकडे जातो, यातलं घरी काय सांगायचं आणि काय नाही, हे आपण पहिल्याच वर्षी ठरवून टाकतो. माझ्याबरोबर निघालेल्यांना हे माहीत आहे. मागे राहिलेल्यांनाही ते माहीत असतं आणि ते विचारत नाहीत, असं आता मला वाटतं.

मी भातावरच्या करपा रोगावर काम करते. आरमोरीच्या शाळेतून नागपूर, तिथून अकोला आणि मग इटलीतलं वेर्चेल्ली. इटलीत धान पिकतं, हे आईला बरेच दिवस पटलं नव्हतं. "थट्टा करून राह्यली का व?" ती फोनवर म्हणायची. शेवटी मी फोटो पाठवले: पाणी भरलेल्या धानाच्या बांध्या आणि मागे बर्फाचे डोंगर. बाबांनी फोटो मोठा करून पाहिला. "बांध्या मोठ्या हायेत. रोवनी कोन करते?" मी म्हटलं, इथे रोवणी नसतेच, यंत्र पेरतं. त्यांनी विचारलं, "मंग बाया काय करतात?"

बाबा कंपाउंडर होते. आमच्या गावातल्या एका डॉक्टरांकडे त्यांनी चौतीस वर्षं काढली. मी लहान असताना रोगी घरून रिकामी बाटली धुऊन आणायचे आणि बाबा बरणीतलं मिक्श्चर त्यात भरून द्यायचे. मग कागदाची एक अरुंद पट्टी दुमडून कात्रीने तिच्या कडेला खाचा पाडायचे आणि ती डिंकाने बाटलीला उभी चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. लोकांचा डॉक्टरांपेक्षा त्या पट्टीवर जास्त विश्वास होता. पुढे औषधं कारखान्यातून सीलबंद यायला लागली, डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला. बाबा घरी बसले. पण कुठलीही बाटली हातात आली की ती उजेडाकडे धरून पाहायची त्यांची सवय गेली नाही.

आईची गोष्ट वेगळी आहे. तिचा धाकटा भाऊ मोहाच्या दारूने गेला. चौतिसाव्या वर्षी. त्याचं पोट फुगलेलं मला आठवतं. तो गेल्यावर आई गावातल्या बायांबरोबर जायला लागली. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण ती कागदावर किती आणि जंगलात किती हे सगळ्यांना माहीत आहे. या बाया काठ्या घेऊन नाल्याकाठी जायच्या, भट्ट्या विझवायच्या, मडकी फोडायच्या. आई सगळ्यांच्या पुढे असायची. खोकल्याच्या औषधाचीसुद्धा ती बाबांकडे चौकशी करायची. "यात दारू हाय का? असन तर मले नको." बाबा म्हणायचे, "औषधात गेली का मंग ते दारू नाई रायत." ती ऐकायची नाही. आमच्या घरात आसवं, अरिष्टं असली आयुर्वेदातली आंबवलेली औषधंही आली नाहीत.

अशा घरातली मी वेर्चेल्लीला वाइन प्यायला शिकले.

माझी घरमालकीण तेरेसा. तिचा थोरला भाऊ बेप्पे दक्षिणेकडच्या टेकड्यांवर राहतो. त्याची द्राक्षांची थोडी शेती आहे आणि घराखाली विटांचं तळघर आहे. तेरेसा मला पहिल्याच वर्षी तिथे घेऊन गेली. बेप्पेचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं. मी त्याला मनातल्या मनात बेप्पेभाऊ म्हणते. तळघरात त्याच्या आजोबांच्या वेळची लाकडी पिंपं आहेत, माणूस आत उभा राहील एवढी. आजूबाजूच्या लोकांनी नवी, लहान पिंपं आणली. त्यांत वाइन लवकर तयार होते. बेप्पेने आणली नाहीत. त्याची वाइन चार वर्षं पिंपात असते आणि मग बाटलीत पडून राहते. लाकडातून ती थोडी थोडी उडून जाते, म्हणून तो दर शनिवारी शिडीवर चढतो आणि त्याच वर्षाची वाइन ओतून पिंप काठोकाठ भरतो. पन्नासहून जास्त वर्षं त्याने एकही शनिवार चुकवलेला नाही. लग्नाचाही दिवस शनिवार होता, असं तेरेसा सांगते, आणि नवरी चर्चच्या पायरीवर थांबली होती.

प्रत्येक वर्षातल्या काही बाटल्या तो विकत नाही. त्यांना लेबल नसतं. बाटलीच्या खांद्यावर पांढऱ्या रंगाने फक्त साल लिहिलेलं असतं. लोक लांबून येतात, मागतात, आणि बहुतेकांना तो नाही म्हणतो.

पहिल्यांदा घेतली तेव्हा मला ती कोऱ्या चहासारखी तुरट लागली. जुनी वाइन काय असते ते चौथ्या वर्षी कळलं. तेरेसाच्या वाढदिवसाला बेप्पेने एक बाटली उघडली. रंग विटेसारखा झाला होता. वास आधी काहीच आला नाही. मग वाळलेल्या गुलाबाचा आला, मग ओल्या पाचोळ्याचा. आणि त्याच्या मागून, मला अगदी स्पष्ट, अंगणात मोहफुलं वाळत घातल्यावर दुपारी येतो तो वास आला. मी पेला खाली ठेवला. त्या टेबलावर हे कुणाला सांगता येत नव्हतं आणि घरी तर नाहीच.

गेल्या हिवाळ्यात मी गावी निघाले तेव्हा बेप्पेने माझ्या जन्मसालाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिली. त्या सालाच्या सातच उरल्या होत्या. तो म्हणाला, "ही बापाबरोबर पी. आधी दोन दिवस उभी ठेव, गाळ खाली बसू दे. हलवू नको. हळू ओत. आणि एका बैठकीत संपव. दुसऱ्या दिवशी ती नसते."

मला माहीत होतं की बाबा पीत नाहीत. तरी मी ती घेतली. मी अडतीस वर्षांची आहे आणि माझं तिकडचं निम्मं आयुष्य माझ्या आईबापांना माहीत नव्हतं. ही बाटली पुढे ठेवून मी ते सांगणार होते. भांडण होईल, आई दोन दिवस बोलणार नाही, बाबा मध्ये पडतील, एवढा हिशेब मी विमानात केला होता. ब्रह्मपुरीपर्यंत हिंमत होती. पूल ओलांडून आमच्या जिल्ह्यात शिरताना बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून मी मांडीवर घट्ट धरली होती, चोरासारखी.

बॅग आईने उघडली. ती नेहमीच उघडते.

"हे काय व?" तिने वर्तमानपत्र सोडलं. काळी बाटली, लेबल नाही.

मी म्हटलं, "औषध आहे."

"कायचं?"

"द्राक्षांचं. बाबांसाठी. बीपीला, हृदयाला चांगलं असते."

"आन हा आकडा?"

"बॅच नंबर."

तिन्ही उत्तरं मी न थांबता, न अडखळता दिली. आईने बाटली बाबांकडे दिली. "पाहा जी, पोरगी औषध घेऊन आली तुमच्यासाठी. इटलीवरून! इथचं काही लागू पडून नाई राह्यलं म्हणून."

बाबांनी ती खिडकीशी नेली आणि उजेडाकडे धरली. खांद्यावरचा आकडा वाचला. माझं जन्मसाल ते विसरणार नव्हते. मग माझ्याकडे पाहिलं.

"किती घ्याचं?"

आता बोलायला हवं होतं. आई शेजारीच उभी होती. मी एका कंपाउंडरला डोस सांगितला. "रात्री जेवणानंतर दोन चमचे."

"बरं," ते म्हणाले आणि बाटली त्यांच्या फळीवर ठेवली.

त्या आठवड्यात मी एकदा प्रयत्न केला. आमची दीड एकराची बांधी आहे. धान कापून झालं होतं. संध्याकाळी बाबा आणि मी धुऱ्याच्या बांधावरून चालत होतो. मी म्हटलं, "बाबा, त्या बाटलीत..." ते मध्येच म्हणाले, "तू गेल्यावर खोलीन. आता राहू दे. तुझ्या आईले बरं वाटून राह्यलं." आणि ते पाखरांबद्दल बोलायला लागले. मला बरं वाटलं. मी पुन्हा विषय काढला नाही. आले त्याच दिवशी मी मेडिकलमधून त्यांच्या रात्रीच्या गोळ्या आणून दिल्या, तीस. रक्तदाबाची गोळी ते वर्षानुवर्षं घेत होते, सकाळी एक आणि रात्री एक. मी होते तेव्हा माझ्यासमोर घेत होते.

मग मी निघाले. वेर्चेल्लीहून दर दोन दिवसांनी फोन करायचे. आई स्पीकर लावायची. मी विचारायचे, "बाबा, औषध घेता ना?" तिच्यासमोर खोटं पक्कं राहावं म्हणून विचारायचे. आई म्हणायची, "घेतात व. बरोबर आठ वाजता." बाबा म्हणायचे, "चालू हाय तुझं औषध." एकदा म्हणाले, "जरा आंबटून राह्यलं. पन औषध हाय, गोड कसं असन." मला कळलं की उघडून आठ-दहा दिवस झालेली ती वाइन आता शिरका झाली असणार. मी म्हटलं, "नको वाटलं तर सोडून द्या." ते म्हणाले, "तू एवढ्या दुरून आनली."

तेविसाव्या रात्री जेवण झालं, औषध झालं. हात धुवायला उठले ते पडले. मेंदूत रक्तस्राव. ब्रह्मपुरीला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी तिसऱ्या दिवशी पोहोचले. बाटली फळीवरच होती, अर्ध्याहून जास्त भरलेली. तिला कागदाची खाचांची पट्टी चिकटवलेली होती. मी पट्टीवर बोट फिरवलं. इतकी वर्षं गेली तरी खाचांमधलं अंतर सारखं होतं.

आई सांगत राहिली, बायका आल्या की पुन्हा पुन्हा. "पोरगी गेली त्याच रात्री उघडलं. बूच जुनं होतं, तुटलं. मंग मलमलच्या फडक्यातून गाळून घेतलं. गाळ खाली बसला होता त, म्हणाले, सत्त्व हाय, हे टाकाचं नसते. रोज बाटली ते हालवत, चमच्यानं मीच देत होती." मग ती म्हणाली, "लय काळजीचा मानूस. गोळी आन हे औषध एका पोटात नको म्हणत. हे घेतलं का रातची गोळी नाई घेत."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं.

"काऊन नाई घेत?" मी विचारलं.

"दवाखान्याचा नियम हाय म्हणे."

दवाखान्याचा नियम मला माहीत होता. घरी येणाऱ्या प्रत्येक रोग्याला बाबा सांगायचे: गोळ्या चालू असताना दारू नाही. दारू घेतली तर त्या रात्री गोळी नाही. दारू सुटत नसलेल्या माणसांसाठी तो नियम त्यांनी स्वतःच केला होता आणि चौतीस वर्षं लोकांना सांगितला होता.

त्यांचा गोळ्यांचा डबा मी दुपारी उघडला, आई झोपली होती तेव्हा. दोन पाकिटं न फोडलेली होती. तिसऱ्यात तीन. सात त्यांनी माझ्यासमोर घेतल्या होत्या. तेवीस उरल्या होत्या.

मी नंतर दोन डॉक्टरांना विचारलं. दोघांनी सांगितलं की दोन चमचे वाइनने त्या गोळीचं काही बिघडलं नसतं. एक म्हणाला, वय होतं, थंडी होती, गोळी घेऊनही झालं असतं. दुसऱ्याने किती रात्री गोळी चुकली, ते विचारलं. दोन चमच्यांनी काही होत नाही, हे मी बाबांना एका वाक्यात सांगू शकले असते. फोनवरसुद्धा. फक्त त्याआधी ती वाइन आहे, हे मला आईसमोर म्हणावं लागलं असतं.

तेरावं झाल्यावर शेजारच्या शेवंताबाई आल्या. त्यांना दम लागतो. ओट्यावर बसून आईला म्हणाल्या, "बाई, ते औषध हाय का अजून? काल पाच दिवस झाले, रातच्यान झोप लागते मले." आणि मला म्हणाल्या, "जाशीन तं एक बाटली मले बी पाठव व पोरी. तुझ्या बाबाचे गाल कसे लाल झाले होते, नवरदेवावानी!"

मी आईकडे पाहिलं. आई सहज म्हणाली, "मीच देऊन राह्यली तिले. वाया काऊन घालवाचं."

शेवंताबाई गेल्यावर मी आईला सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर राहून गेलं असतं.

"आई, ते औषध नव्हतं. दारू होती. द्राक्षांची."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. निवडता निवडता म्हणाली, "तू पेतं का?"

"कधी कधी."

"तुझ्या बाबाले माहीत होतं?"

"मी सांगितलं नव्हतं. पण त्यांना कळलं होतं."

"आन त्याले कळलं हाय, हे तुले माहीत होतं?"

"वाटत होतं."

तिने सूप खाली ठेवलं. "मंग मी एकलीच होती," ती म्हणाली.

मला वाटलं होतं ती भावाचं नाव काढेल, मला घराबाहेर काढेल. तिने तसं काही केलं नाही. उठली, पदर नीट केला, सरळ शेवंताबाईंच्या घरी गेली आणि दारातूनच त्यांना सांगितलं की मी तुला पाच दिवस दारू पाजली, मला माहीत नव्हतं. शेवंताबाई म्हणाल्या, "मले पह्यल्याच दिवशी वास आला होता. पन तूच देऊन राह्यली त मी कोन बोलनारी?" त्या हसल्या. आई हसली नाही. महिला मंडळाच्या बैठकीला ती अजून जाते, पण आता मागे, भिंतीशी बसते. पुढे बोलावलं तर म्हणते, इथीच बरी.

गोळ्यांचं मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. डबा आणि त्यातल्या गोळ्या मी माझ्या बॅगेत टाकून आणल्या. बाटलीत उरलेलं मी निघायच्या आधी एक चमचा तोंडात घेतलं. निव्वळ आंबट होतं. मोह नाही, गुलाब नाही. बाबांनी हे कितीतरी रात्री बिनतक्रार घेतलं होतं. बाकीचं मी मोरीत ओतलं.

बेप्पेने विचारलंच. शनिवार होता, तो शिडीवर होता. "मग? बाप काय म्हणाला?" मी त्याला सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. परक्या भाषेत ते सोपं गेलं. त्या भाषेत माझे बाबा कधी बोलले नव्हते. सुरुवातीला बाटली रोज हलवल्याचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. "हलवली?" मग पुढचं ऐकलं आणि टोपी काढून हातात धरली. खाली उतरायलाही त्याला वेळ लागला. तो काही शहाणपणाचं बोलला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. त्यानंतर मी त्याच्याकडे जाते, पण पीत नाही. त्यानेही कधी पेला पुढे केला नाही.

आईला मी इकडे चल म्हटलं. ती म्हणाली, "तिथी मी काय करू?" मी आरमोरीला परतते म्हटलं, तर म्हणाली, "इथी तू काय करशीन?" दोन्ही प्रश्न बरोबर होते. पूर्वी घर म्हणजे काय, तर जिथे खोटं बोलल्यावर आतून लाज वाटते ती जागा, असं मी कुणाला सांगितलं असतं. आता तेवढंही सोपं नाही. आता घर म्हणजे एक माणूस आहे. तिला मी अर्धी गोष्ट सांगितली आहे. उरलेली सांगितली तर माझं ओझं कमी होईल आणि तिचं वाढेल, कारण रोज आठ वाजता चमच्याने तीच देत होती.

गेल्या उन्हाळ्यात आईलाही रक्तदाबाची गोळी लागली. रात्रीची एक. मी रोज फोन करते, तिकडचे साडेआठ वाजले की. विचारते, गोळी घेतली का. ती म्हणते, घेतली. एकदा तिने विचारलं, "रोज रोज काऊन इचारतं व?" मी म्हटलं, असंच. त्यावर ती म्हणाली, घेतली.

हा फोन रोज होतो. एक मिनिट चालतो. आमच्यात एवढंच उरलं आहे.